हातचा

ईमेल तीन ओळींचा आहे.
अभिनंदन, मग फी, मग तारीख:
शुक्रवार, रात्री बारा, शिकागोची वेळ.
जागा अडवून ठेवायला दोन हजार डॉलर,
परत मिळणार नाहीत.

म्हणजे हासुद्धा ऑप्शनच झाला.
प्रीमियम भरा, हक्क घ्या,
नको असेल तर जाऊ द्या मुदत उलटून.
असले तीन-चारशे रोज माझ्या नजरेखालून जातात,
पण तिसऱ्या मजल्यावर, शिळे होऊन.
दुसऱ्यांनी केलेले सौदे मी जुळवते.
संध्याकाळी बेरीज शून्य यावी लागते,
एका सेंटचा फरक आला
तर मी आणि पिझ्झाचा गारढोण तुकडा
दहापर्यंत.

सौदे होतात सातव्यावर.
लिफ्टला अकरा सेकंद लागतात.
मला पाच वर्षं झाली.

ओटिस तिथला जुना. त्याला विचारलं.
म्हणाला, डिग्री दारापर्यंत आणते.
आत आलीस की कोणी विचारत नाही कुठे शिकलीस,
विचारतात, काल किती घालवलेस.
मी म्हटलं, मला दारापर्यंतच हवंय.
तो हसला. दारं कमी झालीत, म्हणाला,
आणि रांगेत भौतिकशास्त्रातले डॉक्टर उभे आहेत.

हेजिनने हाच कोर्स केलाय.
ती विमा कंपनीत जोखमीचे अहवाल लिहिते,
वेळेवर घरी जाते, मातीची भांडी करते.
"मी फसले असं समजू नकोस, रूटा," फोनवर म्हणाली,
"पहिल्या सत्रात एक प्रमेय होतं.
ते कळलं त्या रात्री मी बसने गेलेच नाही,
नदीच्या कडेने चार मैल चालले, बर्फात,
एकटीच हसत."
कोणतं प्रमेय?
ती जरा थांबली.
"आता नाही आठवत."

मग मी तक्ता मांडला.
डावीकडे फी, भाडं, बुडालेला पगार.
उजवीकडे सातवा मजला
गुणिले तिथे पोचायची शक्यता.
आणि शक्यता कुठून आणायची?
तीस टक्के घातली तर जा,
सव्वीस, तर बस जागेवर.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तशी रात्रभर त्या चार टक्क्यांत जात राहिले.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात.
हातचं म्हणजे नक्की काय पण?
हातचा तर तो,
बेरजेत वर कोपऱ्यात बारीक मांडून ठेवलेला,
ज्याचं घर अजून यायचंय.
तो विसरला की अख्खं उत्तर चुकतं.

बाबा अकरावीत शाळा सोडून
सोयाबीनच्या पिटात उतरले,
पायऱ्या-पायऱ्यांचा तो खड्डा, आत चारशे माणसं.
तेवीस वर्षं आकडे ओरडले.
आधी पडदे आले आणि खड्डा बुजला,
मग घशाचं ऑपरेशन, उरलासुरला आवाजही गेला.
लाल-पिवळं जॅकेट कपाटात आहे अजून,
कोपराला कुणाच्या तरी पेनाची शाई.

तळवा आपल्याकडे: घेतो.
तळवा समोर: विकतो.
हनुवटीपाशी बोटं धरली की एकक,
कपाळापाशी दहाचे गठ्ठे.
मी पाढे पाठ केले ते या हातांवरून,
जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे बसून.

गुरुवारी त्यांना सगळं सांगितलं, फीसकट.
ते बीट किसत होते.
ऐकून घेतलं, आणि हात वर केला,
तळवा आपल्याकडे.

घेऊ? मी विचारलं. कितीला?

बोटं हनुवटीकडे गेली नाहीत,
कपाळाकडेही नाहीत.
हात फक्त पुन्हा तसाच हलला,
मनगटावरून गुलाबी ओघळ कोपराकडे.

"ये, जेवायला बस" याचाही हात तोच असतो.
पण आमच्याकडे बिटाचं सूप थंडच खातात,
निवेल म्हणून कुणी घाई करत नाही.

मी खुर्ची ओढली.
त्यांनी वाडगा सरकवला, वर शेपूची काडी.
भिंतीवर सात वाजले होते.
म्हणजे एकोणतीस तास.